चूक दाखवा

बाईंनी पडद्यावर हृदयाची आकृती आणली, सवयीने खडूचा तुकडा हातात घेतला आणि त्या बाजूला उभ्या राहिल्या.

"यातली चूक दाखवा. सापडली की पुढे जाऊ."

बाकांवर प्राध्यापकच बसले होते. विचारलं की धडा लिहून देणारं, चित्र काढून देणारं ते नवं एआय यंत्र वर्गात कसं वापरायचं, याचं प्रशिक्षण आठवडाभर चाललं होतं. आज शेवटचा दिवस. प्रत्येकाने यंत्राकडून एक पाठ तयार करून घ्यायचा आणि सहकाऱ्यांपुढे शिकवून दाखवायचा. गणिताचे सर, अर्थशास्त्राच्या मॅडम, सगळे उरकून मोकळे झाले होते. राहिल्या होत्या शरीरशास्त्राच्या बाई.

सकाळी जिन्यात विभागप्रमुखांनी त्यांना गाठलं होतं. "बाई, आजचा पाठ जमला तर पहिलं वर्ष तुमच्याकडेच राहील. नाहीतर नव्या माणसाला द्यावं लागेल. तुम्ही आपली प्रयोगशाळा बघा. दगदगही कमी."

बाई नुसतं "बरं" म्हणाल्या होत्या. लेकीच्या वेळची बाळंतपणाची रजा अर्धी टाकून त्या परत आल्या होत्या, ते या पहिल्या वर्षासाठी.

आता विभागप्रमुख शेवटच्या बाकावरून गालात हसले. ते बाईंचेच विद्यार्थी. पहिल्या तासाला बाई रंगीत खडूंनी फळाभर हृदय काढत, त्यात मुद्दाम एक चूक ठेवत आणि ती कोणी दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढत नसत. त्यांच्या वर्षी अख्खा तास असाच गेला होता.

"चूक असणारच," ते शेजारच्या गणिताच्या सरांना म्हणाले. "बाईंची जुनी खोड आहे ती."

मग त्यांनी मान खाली घातली आणि टाइप करायला लागले. सगळेच लागले. आकृती यंत्राला दाखवायची, यात चूक आहे म्हणून सांगायचं, कुठली ते विचारायचं. आठवडाभर हेच तर शिकले होते.

"सापडली!" अर्थशास्त्राच्या मॅडम म्हणाल्या. "डावा कप्पा उजवीकडे काढलाय. माफीसुद्धा मागतंय बघा बिचारं. नवी आकृतीही दिली."

"छे हो. ते निळं रक्त धमनीतून चाललंय ना, ते लाल हवं," गणिताचे सर म्हणाले. "माफी मलाही मागितली त्याने."

"माझं म्हणतंय, झडपा उलट्या आहेत." हे विभागप्रमुख. ते स्वतः हाच विषय शिकवत. बोलताना त्यांचा आवाज जरा पडला.

"एका हृदयाला किती हे आजार!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले.

प्रशिक्षण देणारी मुलगी हसली नाही. ती एकेकाच्या मागे जाऊन वाकून बघत होती. सगळीकडे तीच नम्र माफी, आणि प्रत्येक पडद्यावर दुरुस्त केलेलं वेगळं हृदय.

"मॅडम, यातलं बरोबर कुठलं?" तिने बाईंना विचारलं.

बाईंनी खडू तेवढा बोटांत फिरवला.

मुलीने आपला लॅपटॉप मिटला आणि ती पडद्यापाशी गेली. "मी संगणकवाली. शाळेनंतर यातलं काही वाचलेलं नाही," ती म्हणाली. "चुकलं तर हसू नका."

तिने शरीराकडून येणाऱ्या निळ्या बाणावर बोट ठेवलं. वरचा कप्पा, खालचा कप्पा, तिथून फुप्फुसं. तिथे बाण लाल झाले. लाल बाणाबरोबर पुन्हा वरचा कप्पा, खालचा जाड भिंतीचा कप्पा आणि परत शरीर. ती मधे उभी असल्यामुळे अर्धं हृदय तिच्या पाठीवर आणि हातावर उमटलं होतं. एकदा ती थबकली. स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मग आकृतीकडे बघितलं. "समोरच्या माणसाचं डावं माझ्या उजव्या हाताला येणार, नाही का?" असं स्वतःशीच म्हणून पुढे सरकली. निळ्या धमनीपाशीही जरा थांबली. "फुप्फुसांत जायच्या आधी लाल कसं होईल?"

पूर्ण फेरी करून बोट निघालं होतं तिथे आलं.

"मॅडम, मी कुठेच अडले नाही." ती वळली. "मला वाटतं, यात चूकच नाहीये."

सगळ्यांनी आपापल्या पडद्यावरून मान वर केली.

"नाहीच आहे," बाई म्हणाल्या. "काल चष्मा लावून मीही शोधली. मग यंत्रालाच म्हटलं, बाबा रे, एक चूक घाल. तर त्याने घातली आणि तिच्याभोवती लाल गोल काढून खाली लिहिलं, ही चूक मुद्दाम केलेली आहे. म्हटलं, असू दे. पहिलीच आकृती आणली."

"पण बाई," विभागप्रमुख उठून उभे राहिले होते, त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. "चूक आहे असं तुम्हीच तर म्हणालात!"

"म्हणाले ना. तुम्हीही त्याला तेच सांगितलंत. बसा."

ते बसले. समोर त्यांचं दुरुस्त हृदय तसंच होतं. झडपा फिरवलेल्या. रक्त आत शिरत होतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नव्हती. इतकी वर्षं हेच शिकवत असूनही मघाशी ते त्यांना दिसलं नव्हतं.

"पहिल्या वर्षाला," त्यांनी शेवटी विचारलं, "हे यंत्र वर्गात नेणार ना, बाई?"

"नेणार तर," खडू खिडकीच्या कट्ट्यावर ठेवत बाई म्हणाल्या. "आजवर चुकीचं हृदय मलाच काढावं लागायचं फळ्यावर."