एकुलत्याचा उतारा

“तो दरबुका चौथ्या मजल्यावरून खाली फेकीन,” बदावी म्हणाला आणि त्यानं भाकरीचा तुकडा बाकल्याच्या उसळीत बुडवला. “इंजिनिअर व्हायचं सोडून नाचणारणींच्या मागं ढोल बडवणार? लोकांना काय तोंड दाखवू मी?”

“नाचणारणी नाहीत, बाबा. मोठा वाद्यवृंद आहे,” हैसम म्हणाला. “ट्युनिस, बैरूत, मग पॅरिस. वर्षाचा करार. पुढच्या महिन्यात निघायचंय.”

“आणि कॉलेजचं शेवटचं वर्ष?”

“आल्यावर बघू.”

“आल्यावर कोण बघतं! एकदा सुटलं की सुटलं.”

बदावी लांब पल्ल्याच्या गाडीवर गार्ड होता. आठवड्यातले तीन दिवस अस्वानकडे आणि उरलेले अलेक्झांड्रियात, घरी. स्वतः आठवीत शाळा सोडलेला माणूस. पण डिग्रीचा विषय निघाला की त्याच्या अंगात यायचं. आपल्याला मिळालं नाही ते पोराच्या घशात कोंबायचं, ही बापांची जुनीच खोड.

मग त्याचा आवाज एकदम मऊ झाला.

“हे बघ, डिग्री घे. मग तिच्या पुढची घे. तिशीपर्यंत शिक, मी पोसतो तुला. घरात बसून हवं तेवढं वाजव, मी हूं की चूं करणार नाही. फक्त कॉलेजातून नाव काढू नकोस.”

“तिशीपर्यंत?” अवातिफला हसू आवरेना. “एवढं शिकून काय समुद्रावर पूल बांधणारे माझा पोरगा?”

बदावी हसला नाही. डबा उचलून तो ड्यूटीवर निघून गेला.

खरं तर महिन्यापूर्वी अवातिफही नवऱ्याच्याच बाजूची होती. आई झाली तरी इंजिनिअरची आई म्हणवून घ्यायची हौस कुणाला नसते? पण गेल्या गुरुवारी हैसम तिला ओढूनच कार्यक्रमाला घेऊन गेला. पोरानं दरबुका मांडीवर घेतला, बोटं चालायला लागली, आणि भरल्या सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. अवातिफ तिथं बसून ढसाढसा रडली. आपल्या पोटी असं काही आलंय आणि आपण त्याला पुलांची गणितं करायला लावतोय, याची तिला लाज वाटली.

अडचण एकच होती. कॉलेज सोडलं की लष्कराचं बोलावणं येणार. आणि लष्कराचा कागद हातात नसेल, तर पोराला देशाबाहेर पाऊल टाकता येत नाही. पण त्यावर कायद्यातच तोड होती. बापाच्या एकुलत्या एक मुलाला लष्करातून सूट मिळते. नोंदणी कचेरीतून कुटुंबाचा उतारा काढून जोडला, की काम फत्ते.

“बाबांना विचारायचं?” हैसमनं विचारलं.

“त्यांची गाडी अस्वानला पोचेपर्यंत उतारा आपल्या हातात असेल. मग ओरडू देत बापडे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेक कचेरीत रांगेला लागले. दीड तासात अवातिफनं मागच्या-पुढच्या सगळ्या बायकांना पॅरिस सांगून टाकलं होतं. हैसम संकोचानं लाल झाला होता, पण मनातून खूश होता.

खिडकीमागं जाड चष्म्याचा, वयस्कर कारकून होता.

“नाव?”

“हैसम बदावी शहाता.”

कळफलकावरची कारकुनाची बोटं थांबली. त्यानं चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

“उतारा कशासाठी हवाय?”

“एकुलत्याची सूट घ्यायचीय, साहेब,” अवातिफ पुढं सरसावली. “कॉलेज सोडतोय तो. वाजवायला जाणारे पॅरिसला.”

“कॉलेज कशाला सोडता, हाज्जा? कॉलेजात आहे तोवर हे कागद कुणी मागत नाही. शिकू दे की.”

“घ्या! तुम्हीपण त्याच्या बापाचंच तुणतुणं लावलंत.”

कारकुनानं कागद छापून घेतला, वाचला आणि पालथा घालून त्यावर हात ठेवला.

“पोराला जरा बाहेर पाठवता?”

“का? कागद त्याचाच आहे.”

“सूट मिळणार नाही, हाज्जा. कॉलेज सोडलं तर याला लष्करात हजर व्हावं लागेल.”

“असं कसं? एकुलत्याला सूट असते ना?”

“एकुलत्यालाच असते.”

“मग हा काय जुळा आहे?” अवातिफनं मागं वळून पाहिलं. रांगेतल्या बायका हसल्या. “नऊ वर्षं दवाखाने झिजवले, साहेब, तेव्हा हा झाला. माझ्या पोटी हा एकच.”

“तुमच्या पोटी एकच. उतारा बापाच्या नावानं निघतो.”

त्यानं कागद उलटून पुढं सरकवला. हैसमनं आपलं नाव वाचलं. त्याच्या वरच्या ओळीत आणखी एक नाव होतं. सामेह बदावी शहाता, वय तेवीस. आईच्या रकान्यात भलतंच नाव. पत्ता याच शहरातला, त्यांच्या घरापासून ट्रामनं चार थांब्यांवरचा.

हैसमनं आईचा हात धरला.

“चूक झालीय काहीतरी,” अवातिफ म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. “दुसऱ्या कुणा बदावीचा असेल. यंत्राला काय कळतंय! अल्लाची शपथ घेऊन सांगते साहेब, माझ्या नवऱ्याला हा एकच मुलगा आहे.”

कारकुनानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“सोमवारी ती बाई पोराला घेऊन इथंच उभी होती, हाज्जा. तिनंही अगदी हीच शपथ घेतली.”