अकरा नंबरची चावी

“चहा हाय का गुळवणी? बजा आल्यावर सांगतोच तिला.”

कुंडलिकआबा बशीत फुंकर मारत कुरकुरले. समोर शेंगा फोडत बसलेल्या त्यांच्या सुनेनं, रुपालीनं, मान वर केली नाही. सासूचं नाव निघालं की तिचे हात आपोआप भराभर चालायचे.

“कवा येनार म्हनली?”

“येतील की. होटगीला मावशींचा गुडघा बरा झाला की निघतील.”

मावशींचा गुडघा चार महिने दुखत होता. खरं तर होटगीत मावशी ठणठणीत होत्या. बजाबाईच नव्हत्या.

आबांचा खुबा मोडला, ऑपरेशन झालं आणि त्याच आठवड्यात बजाबाई भाकरी थापायला बसल्या त्या उठल्याच नाहीत. आबांचं काळीज नाजूक आहे, इतक्यात सांगू नका, डॉक्टर म्हणाले. मग ते ‘इतक्यात’ लांबत गेलं. मुलानं, धनाजीनं, डोकं भादरलं होतं, तो दवाखान्यात टोपी घालून जायचा. “ऊन लई हाय औंदा,” एवढंच आबा म्हणाले होते. मध्ये एक दिवस आबांनी विचारलंच नाही, तर रुपालीला वाटलं, यांना कळलं की काय? दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं, तेव्हा कुठं तिला हायसं वाटलं.

काल डॉक्टर म्हणाले, आता सांगायला हरकत नाही. “तूच सांग. तुझं ऐकतात ते,” धनाजी म्हणाला, आणि आज तासभर आधीच कामावर पळाला.

शांतिविलास हे एके काळचं हॉटेल. गिरण्यांच्या दिवसांत कापसाचे व्यापारी इथं उतरायचे. माढ्याहून आलेल्या आबांनी चाळीस वर्षं त्याचा काउंटर सांभाळला. आता वर फ्लॅट, खाली दुकानं. अकरा आणि बारा नंबरच्या खोल्यांची मधली भिंत पाडून आबांचं घर झालं होतं आणि काउंटरच्या जागी संगमेशचं मोबाईलचं दुकान. चाव्यांचा लाकडी बोर्ड तेवढा जिन्याखाली राहिला होता. जुन्या चाव्या, पितळी बिल्ले, बिल्ल्यांवर एका बाजूला कोरलेले आकडे. वापरात त्यातली एकच. बजाबाई भाजीला निघाल्या तरी अकराची चावी खिळ्याला अडकवून जायच्या. “गिऱ्हाईक चाललं हो, मॅनेजर,” असं ओरडून जायच्या.

त्या दिवशी ती चावी त्यांच्या कनवटीला होती. रुपालीनं सोडवून घेतली. पुढं आबा घरी आले, तेव्हा रिक्षा दारात थांबता थांबता तिनं ती घाईघाईनं खिळ्याला अडकवली. घरात दिसली असती तर त्यांनी विचारलं असतं.

त्यांनी जिन्यापाशी थांबून विचारलंच. “चावी कुनी लावली?”

“मी लावली. आई गडबडीत गेल्या.”

आबा बराच वेळ बोर्डाकडं बघत राहिले. मग म्हणाले, “बरं.”

आज भिंतीला रंग द्यायचा होता, म्हणून संगमेश बोर्ड उतरवत होता. ते बघायला आबा काठी टेकत जिना उतरू लागले. मागून रुपाली. या पायरीला सांगू, पुढच्या पायरीला सांगू, असं करत पायऱ्या संपत आल्या.

आबा दिसले की बजाबाईंचा विषय निघू नये म्हणून इमारतीतला जो तो काहीतरी भलतंच बोलायचा. संगमेशही बोलला, “आबा, समद्या चाव्यांचा आकडा पुढं, अन् अकराचाच भिंतीकडं कसा हो?”

“ती हाटेलातली रीत हाय. आकडा भायेर म्हंजे पाव्हना गावात गेलाय, फिरून येनार. आकडा भिंतीकडं म्हंजे खोली सोडली. तोंडानं विचारायचं कामच न्हाय. बोर्ड बघायचा. हाटेल बंद झालं तवा समदे आकडे मीच भायेर केले. रिकामं दिसू नये म्हून.”

रुपालीचा हात कठड्यावर तसाच राहिला.

संगमेशनं जीभ चावली आणि अकराचा बिल्ला सरळ करायला घाईनं हात पुढं केला.

“ऱ्हाऊ दे. बरोबर हाय ते.”

आबांनी चावी स्वतः खिळ्यावरून काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली. मग वळून रुपालीकडं पाहिलं.

“बजा गेली, संगमेश,” ते म्हणाले. “ह्या पोरीनं पहिल्याच दिवशी सांगितलं मला.”