टिटवी नव्हतीच

"नवा घालू का तुझ्या खोक्यात?" ओडेल फॅरिसने विचारले.

बुधवार होता. टोलीडो शहरातल्या त्याच्या कॉमिक्सच्या दुकानात नवे अंक बुधवारी येत, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांचे अंक गल्ल्यामागच्या खोक्यांत नावानिशी वेगळे काढलेले असत. एरवी विचारण्याचा प्रश्नच नव्हता. पण 'रातबगळा' साप्ताहिकाच्या प्रकाशकाने कथा नव्याने मांडली होती आणि अंकांची मोजणीही पुन्हा एकपासून सुरू केली होती. पहिला अंक आला की जुनी मागणी रद्द समजायची आणि प्रत्येकाला नव्याने विचारायचे, असा या धंद्याचा रिवाज होता.

"नको," कॅझिमिर नोविकी म्हणाला. "खोकंच बंद कर."

हीच धमकी त्याने मागच्या दोन्ही फेरमांडण्यांच्या वेळी दिली होती, आणि दोन्ही वेळा पुढच्या बुधवारी मुकाट्याने हजर झाला होता. ते आठवून ओडेल हसला. कॅझ हसला नाही.

त्याची सगळी नोकरी काचकारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली होती, आणि त्याचा आक्षेपही त्याच वळणाचा होता. भट्टीत जे घातले ते कुठेतरी निघालेच पाहिजे. काचेत नाही तर धुरात, धुरात नाही तर राखेत. संपादकांनी मात्र कथानायक रातबगळ्याची मानलेली मुलगी, टिटवी, तिच्या इतक्या वर्षांच्या हकिकतींसकट नाहीशी केली होती आणि हिशेब दिला नव्हता. ती मेली असती तर त्याने समजून घेतले असते. या साप्ताहिकात माणसे मरत आणि खप घसरला की परत येत. नव्या कथेनुसार टिटवी कधी नव्हतीच. मुख्य संपादकाने एका मुलाखतीत याला नव्या वाचकासाठी दार उघडणे असे म्हटले होते.

"दार उघडायला घरातलं माणूस कशाला बाहेर काढावं लागतं?" कॅझने विचारले.

"तो नवा वाचक अजून तरी माझ्या दुकानात फिरकलेला नाही," ओडेल म्हणाला. "आला की तुझी ओळख करून देतो."

खोके बंद करण्याचे खरे कारण कॅझने सांगितले नाही. दूरच्या ट्युसॉन शहरात राहणारी त्याची मुलगी बर्नी दर बुधवारी संध्याकाळी सात वाजता फोन करी, आणि दोघे मिळून नवा अंक चित्रागणिक उसवून काढत. ती लहान असताना हे वाचन तिच्या पलंगावर चाले. रातबगळ्याचे संवाद कॅझ म्हणे आणि टिटवीचे हेलन, त्याची बायको. हेलन फेब्रुवारीत गेली. तेव्हापासून एकाही बुधवारी बर्नीने आईचे नाव काढले नव्हते, आणि त्यानेही नाही. मुलगी हे सारे केवळ आपल्यासाठी रेटते आहे, असा निष्कर्ष त्याने काढला होता. पुरावा एकच: गेल्या आठवड्यात तिने दाबलेली एक जांभई. एवढ्या पुराव्यावर त्याने काचेचा एक नगही नापास केला नसता. पण मुलीला मोकळे करायचे त्याने ठरवून टाकले होते.

गल्ल्यावरचा फोन वाजला. ओडेलने उचलला, क्षणभर ऐकले, कॅझकडे पाहिले, आणि रिसीव्हर त्याच्या हातात दिला.

"...ऐकताय ना ओडेल काका? बाबा आला तर त्याला सांगा, अंक आलाच नाही. मालाची गाडी आली नाही म्हणा, काहीही म्हणा. मी सकाळीच मोबाइलवर वाचला. टिटवी नव्हतीच म्हणतायत. बाबाने हे वाचायला नको, या वर्षी तरी नको."

"गाडी वेळेवर आली," कॅझ म्हणाला.

बर्नी बोलली तेव्हा तिचा आवाज पलंगावरच्या त्या मुलीचा होता.

"बाबा, असं कसं लिहू शकतात? नव्हतीच म्हणून?"

खप, संपादक, नवा वाचक, या सगळ्याचे उत्तर त्याच्याकडे तयार होते. ते त्याने बाजूला ठेवले.

"होती," तो म्हणाला. "सगळे अंक आहेत आपल्याकडे."

ती रडू लागली. त्याने तिला रडू दिले. ओडेल दुकानाच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि मुळातच सरळ असलेल्या रांगा सरळ करू लागला.

"आज सातला ती पहिल्यांदा येते तो अंक काढ," बर्नी अखेर म्हणाली. "तळघरात असेल."

"काढतो. टिटवीचं तू वाचायचं."

"मला आईसारखं नाही जमणार."

"तिला तरी कुठे जमायचं? बदकासारखा आवाज काढायची."

आणि पलीकडून, हुंदक्यांच्या मधूनच, तो आवाज आला. कॅझने रिसीव्हर कानापासून थोडा दूर धरला, ओडेललाही ऐकू जावा म्हणून.