पहिली हाक

गंगाराम वेळेआधीच मैदानावर येऊन बसला होता, आणि तेवढ्यानेच भिकाजीच्या मनात पाल चुकचुकली.

वीस वर्षं बंदराच्या संघात फुटबॉल खेळलेला माणूस. पडावावरचा खलाशी, छाती दरवाजाएवढी. त्याच्या अंगावर आदळून पेठेच्या किती जणांचे दात हलले होते! असा गडी बंदरवाल्यांनी मुकाट्याने पेठेच्या संघाला दिला, आणि बदल्यात मागितलं काय, तर पुढल्या वर्षीची पहिली हाक.

तेव्हा तशी चालच होती. दिवाळी झाली की नवे खेळाडू सड्यावरच्या मोकळ्या माळावर रांगेने उभे राहायचे आणि दोन्ही संघांचे कप्तान पाळीपाळीने हाक मारून एकेक उचलायचे. पहिली हाक ज्याची, त्याला रांगेतला सगळ्यांत चांगला गडी. पुढल्या वर्षी ती पाळी पेठेची होती. त्यात नाटे गावचा एक पोरगा पुढल्या वर्षी शिकायला येणार, दोन्ही पायांनी सारखाच मारतो, ही बातमी न्हाव्यापासून मुन्सफापर्यंत सगळ्यांना ठाऊक. पेठेचा कप्तान म्हणून भिकाजीने तो हातचा घालवला होता. आता हा गडी वाया गेला, तर भिकाजीला आपल्याच दुकानात तोंड वर करून बसायची सोय राहिली नसती.

"मला विचारशील तर हा त्यांचा हेर आहे," त्याचा चुलतभाऊ सदू कानाशी लागला. "आपले डाव बघायचे आणि संध्याकाळी धक्क्यावर जाऊन ओकायचे. राहतो तिकडेच ना?"

"हळू बोल, मेल्या."

"हळू कशाला? ऐकू दे की!"

सराव सुरू होऊन अर्धा तास झाला तरी बॉल एकदाही गंगारामच्या पायाशी आला नव्हता. कोणी ठरवलं नव्हतं. ज्याच्या त्याच्या मनात तेच. गंगाराम आपला हात वर करायचा, थोडं थांबायचा, मग खाली घ्यायचा. तक्रार नाही की शिवी नाही. भिकाजीला त्याचाही संशय आला. इतका सोसणारा माणूस काहीतरी पोटात ठेवूनच सोसतो.

त्याने गंगारामला मैदानाच्या कडेच्या दगडी गडग्याजवळ बोलावलं. सदूही मागोमाग आला, बॉल पायाने ढकलत. गंगाराम गडग्याला हात लावून हळूच टेकला आणि एक पाय लांब पसरून बसला. ऐट तर बघा, असं सदूने डोळ्यांनीच सांगितलं.

"रविवारी बंदराशी सामना आहे," भिकाजी म्हणाला. "तू त्यांच्यात वीस वर्षं काढलीस. कोण कुठे कच्चा ते तुला ठाऊक. बोल."

गंगाराम पायाच्या बोटांकडे बघत राहिला. "त्यांच्या ताटात जेवलोय मी, शेट. त्यांची उनीदुनी नाय काढनार."

"बघ!" सदूने मांडीवर थाप मारली. "काय म्हणालो होतो मी?"

"मग तू कोणाचा?" नको नको म्हणता भिकाजीचा आवाज चढलाच. "आमचा की त्यांचा? तुझ्यापायी मी पहिली हाक देऊन बसलोय. उद्या लोक माझ्या तोंडात शेण घालतील!"

खाली बंदरात आगबोटीचा भोंगा झाला. सवयीने गंगारामची मान तिकडे वळली, पण त्याने ती परत आणली.

"येक सांगतो. येकच," तो म्हणाला. "त्यांचा डावा बॅक. त्याचा उजवा गुडघा गेलेला हाय. डावीकडं वळवलात की पाय ऱ्हायत नाय, गडी पडतो. दोन वर्सं झाली. लपवतो तो, म्हनून तुमच्या ध्यानात आलं नाय."

सदू खुलला. "आलं की नाही बाहेर! आता रविवारी सगळा खेळ त्याच बाजूने. पाडा साल्याला! नाव काय त्याचं?"

गंगारामने डोक्यावरची टोपी काढली. भिकाजी बंदराचा संघ बोटांवर मोजू लागला. गोलात बाबल्या, उजव्या बॅकला रामा तांडेल, त्यांचा कप्तान. आणि डावीकडे... त्याचं बोट थांबलं.

"गंगाराम, डाव्या बॅकला तर तूच होतास."

"होय शेट."

भिकाजीने मोजायला काढलेला हात खाली घेतला. नाटे गावचा पोरगा गेला, आणि ह्या गुडघ्यापायी गेला. तांडेलाने गोड बोलून गळ्यात मारलं, आणि आपण जन्माचे दुकानदार असून एकदा चाचपूनसुद्धा पाहिलं नाही!

"तांडेलाला माहीत होतं?"

"होतं. बोलू नको, म्हन्लान. बोललास तर ते तुला ठेवायचे नायत, म्हन्लान."

"मग बोललास कशाला?"

"तुमीच इचारलात ना, कोनाचा म्हनून?" गंगारामने टोपी हातात फिरवली. "रविवारी ते माझ्याच बाजूनं येतील, शेट. त्यांना सगळं ठाव हाय. मग तुमाला नको काय ठाव असायला?"

तो गडग्याचा आधार घेऊन उठला. खुंटावर अडकवलेला सदरा त्याने काढून घेतला, पण अंगात घातला नाही. हुकूम होईल तसं करायचं, म्हणून तो उभा राहिला.

"अजून वेळ आहे," सदू कुजबुजला. "फसवणूक झाली म्हणून पंचांकडे जाऊ. आपली हाक परत मिळेल. पाठवू का ह्याला?"

भिकाजीने सदूच्या पायाशी पडलेल्या बॉलकडे पाहिलं.

"बॉल टाक त्याला."

"अं?"

"टाक म्हणतो ना," भिकाजी खेकसला. "त्याच्या उजव्या बाजूनं टाक, डावीकडे वळायला लावू नको."