सरावलेले डोळे

धोंडा टीव्हीच्या काचेतून आरपार गेला आणि शनीची कडी विझली. "भाकऱ्या करपवून तारे बघतीस व्हय गं?" म्हणत नवऱ्याने सारिकाचं डोकं भिंतीवर आपटलं. तो काठी शोधायला वळताच तिने लेकीला उचललं आणि अमावस्येच्या अंधारात तुरीचं शेत गाठलं.

"आई, कायच दिसंना," रेवा रडवेली झाली.

"टीव्हीतल्या काकांनी तारे बघायला कसं शिकवलं? गप बसायचं. डोळे अंधाराला सरावले की सगळं दिसतं. उजेड आला की मिटायचे, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून."

हळूहळू तारे उमलले, मग तुरीची झाडं, मग बांधावरचं बाभळीचं दांडकंही दिसू लागलं.

"लपतीस कुठं? आज दोघींनाबी तोडतो!" बॅटरीचा झोत नाचवत, काठीने तुरी झोडपत तो आला. दोघींनी डोळे मिटले. पावलं शेजारून पुढे गेली तशी सारिका बांधावरचं दांडकं घेऊन उठली. पहिल्याच घावात तिने त्याच्या हातातली बॅटरी फोडली.

तो आंधळ्यासारखा चाचपडू लागला. तिला मात्र त्याचा गुडघा स्पष्ट दिसत होता.

"रेवा, अजून डोळे उघडू नको हं, राणी," ती मायेनं म्हणाली आणि तिने दांडकं पुन्हा उगारलं.