हातबोशी

पोहे पातळच घ्यायचे. भिजवले की लगेच निथळायचे.

बाथरूमचा नळ चालू. आत नातू, योएल.

नेओमी आणि तिचा मुलगा एरन हल्ली प्रार्थनेला येत नाहीत.

खोबरेल तेलाची दुसरी बाटली संपत आली. योएलच्या हातांना भेगा. न्यू जर्सीची थंडी, दुसरं काय.

समाजाच्या ग्रुपवर मेसेज : ‘तक्रार मागे घेतली. रविवारी हझ्झानसाठी मलिदा. मोझेलमावशी, तुमच्याच हातचा हवा.’ खाली जोडलेले हात, खाली फुलं, खाली पुन्हा हात.

मलिदा मोझेलमावशीनंच केला. गोड पोहे, वर ओलं खोबरं, वेलची, कडेनं फळं. कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून इथे आलेली बेने इस्राएल ज्यूंची मोजकी घरं. कुणी दुखण्यातून उठलं, कुणाचा नवस फेडायचा असला, की आयसेलिनजवळच्या या भाड्याच्या हॉलमध्ये तिचंच ताट मधे यायचं. आज ताटासमोर हझ्झान एफ्राईम उभा होता. शनिवारी शब्बाथची प्रार्थना तोच चालवायचा आणि तेराव्या वर्षीच्या बार मित्झ्वा विधीसाठी पोरांना तोच शिकवायचा. एकेकाला, मागच्या खोलीत.

त्याच खोलीबद्दल एरननं आईला सांगितलं होतं. नेओमी पोलिसांकडे गेली. मग कमिटीचा सॅमसन नेओमीकडे गेला. एकदा गेला, पुन्हा गेला, बायकोला घेऊन गेला. आपला माणूस पोलिसांच्या हाती देत नाहीत, म्हणाला. शेवटी नेओमी थकली.

एफ्राईमनं एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन प्रार्थना म्हटली. आवाज गोड होता. आवाजाबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती.

मग हातबोशी सुरू झाली. एफ्राईमनं दोन्ही हात पुढे केले, सॅमसननं ते आपल्या हातांत घेतले, दोघांनी आपापली बोटं ओठांना लावली. सॅमसन शेजारच्याकडे वळला. शेजारचा पुढच्याकडे. एका हाताचा मान असा सगळ्या हॉलभर फिरतो. लहानपणी मावशीला तो शेवटच्या म्हातारीपर्यंत जाताना बघत बसायला आवडायचं.

एफ्राईम मात्र रांग सोडून सरळ योएलसमोर आला.

“काय रे, विसरलास का मला? मंगळवारपासून क्लास परत सुरू, हां.” त्यानं हात पुढे केले.

योएलनं आपले हात काखेत कोंबले.

“असं काय करतोस?” मावशी म्हणाली. बारा वर्षांच्या नातवाला चारचौघांत वळण नाही असं कुणी म्हणायला नको. “मोठ्यांना हात द्यावा. दे बघू.” आणि तिनं त्याचं कोपर धरून हात ओढून काढला.

हात लाकडासारखा ताठ होता. भेगांतून ताजं रक्त आलेलं. बोटांना साबणाचा वास. आत्ता, इथे येऊनसुद्धा, पोरगं हात धुऊन आलं होतं.

“आजी, प्लीज.”

तिच्या डोळ्यांसमोर तो नळ आला. क्लासवरून आल्यावर चालू होणारा. थंडी यायच्या आधीही चालू, क्लास बंद पडल्यावरही चालू. आणि बाहेर तेलाची बाटली घेऊन उभी ती.

तिनं कोपर सोडलं. एफ्राईमचे हात अजून तिच्यासमोर होते. स्वच्छ, गोरे, नखं नीट कापलेली.

“हात खाली घे,” ती म्हणाली.

“मावशी, लहान आहे तो, लाजतो. मी काही मनाला लावून घेत नाही.”

“खाली घे म्हणते ना.”

सॅमसन लगबगीनं आला. “अहो मावशी, आजच्या दिवशी कशाला? संपला ना विषय. काही प्रूव्ह झालं का?”

“होऊ दिलंस तू?”

“इथे आपली घरं किती, सांगा. बाहेरचे काय म्हणतील?” त्यानं आवाज खाली आणला, हसल्यासारखं केलं आणि समजूत घालावी तसे दोन्ही हात तिच्यापुढे धरले. “या, हात द्या. सगळ्यांचं झालं, तुमच्यापाशीच अडलंय.”

तिनं त्या हातांकडे पाहिलं. हे हात मघाशी एफ्राईमच्या हातांत होते. सॅमसनचे दुसऱ्याच्या, दुसऱ्याचे तिसऱ्याच्या. पलीकडे मंडळी ताटाभोवती जमली होती. ओठांना लावलेली बोटंच मलिद्यात जात होती, पोहे उचलत होती, परत तोंडात जात होती. एक बाई तिच्या लहानग्याला भरवत होती. “छान झालाय हं, मावशी!” कुणीतरी तोंडभर घास घेऊन ओरडलं.

मावशी पुढे झाली. तिनं ताट उचललं, खाणाऱ्यांच्या बोटांखालून उचललं, आणि दाराजवळच्या कचऱ्याच्या पिंपात उलटं केलं. फळं आधी पडली. ओले पोहे ताटाला चिकटून राहिले, ते तिनं पदरानं पुसून पाडले.

“योएल, कोट घाल.”

बाहेर पार्किंगमध्ये तिनं पर्समधून फोन काढून त्याच्यापुढे धरला. “नेओमीचा नंबर लावून दे मला.”

पोरानं फोन घेतला. त्याची बोटं काचेवर पुसट लाल उमटली.

“आजी, आर यू मॅड अ‍ॅट मी?”

“नाही रे राजा. लाव.”

रिंग वाजू लागली.

तीन वर्षांपूर्वी, दुसऱ्या राज्यातल्या मंडळींनी तिथली एक तक्रार मिटवून हझ्झान एफ्राईमला इकडे पाठवलं, तेव्हा त्यांनीही मलिदा करूनच निरोप दिला होता.