नावं गाळून

“तू कुठं उभी होतीस?” प्रियानं विचारलं.

“खिडकीपाशी.”

“मंग बाटलीवरचं लेबल तिथून कसं दिसलं?”

दीपमाला अडखळली. शेजारच्या जोड्या हसल्या.

भोकरदनच्या कॉलेजातल्या या मंडळात शिक्षक नव्हता. दर शनिवारी मुलंच दोघादोघांनी बसून ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथांतला एखादा उतारा मराठीतून वाचत. एकानं बाजू मांडायची, दुसऱ्यानं ती खोडायची. ही पद्धत मंडळातल्याच नागसेननं पुण्याहून आणली होती. जोडीदार जितका कठोर तितका चांगला, असं तो सांगायचा.

आजचा उतारा साक्षीचा होता. एकाच्या शब्दावर निकाल नाही. दोघं हवेत, आणि दोघांना वेगवेगळं विचारायचं.

उदाहरण दीपमालाचं होतं. गेल्या आठवड्यात प्रयोगशाळेतले शिपाई अंगदमामा यांचा हात ॲसिडनं भाजला. रिकामी बाटली सापडेना म्हणून रसायनशास्त्राच्या सरांनी ॲसिड डिस्टिल्ड वॉटरच्या बाटलीत ओतलं होतं. दोघींनी ते पाहिलं होतं. आधी प्रियालाच दिसलं, तिनं दीपमालाला कोपरानं ढोसलं होतं. आता सर म्हणत होते, मामांनीच चुकून भरलं. सोमवारी चौकशी होती. त्यात मामांची नोकरी जाणार, हे सगळं कॉलेज धरून चाललं होतं.

हेच प्रकरण मंडळात नावं गाळून मांडू, तेवढाच सराव होईल, असं प्रियानं सुचवलं होतं.

मंडळ उठल्यावर तिनं दीपमालाची वेणी ओढली. “चिडली का?”

“न्हाई. पण तू सरांचीच बाजू घेऊन राह्यली.”

“तुला पक्की करून राह्यले, येडे. सोमवारी असंच विचारतील. तू आधी जा, मी मागून येते.”

सोमवारी दीपमाला कुठंच अडखळली नाही. लेबलाचंही तिनं नीट सांगितलं. बाहेर बाकावर अंगदमामा पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून बसले होते.

“प्रिया गेलीय आत,” ती त्यांना म्हणाली. “आता बराबर होईल, मामा.”

त्यांनी मान हलवली आणि तिला बसायला जागा केली.

थोड्या वेळानं तिला परत बोलावलं. प्राचार्यांनी प्रियाला तिचं म्हणणं पुन्हा सांगायला लावलं. प्रियानं दीपमालाकडे पाहिलं नाही.

“ही गोष्ट आम्ही शनिवारी अभ्यासासाठी रचली होती, सर. तेव्हा तिच्यात कुणाचं नाव नव्हतं. नावं हिनं आज घातली. साक्षीदार पाहिजेत, तर अख्खं मंडळ आहे.”